संगणकावरचीं दप्तरें आणि कायद्याचा धाक

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडल्यावर इयत्ता नववींतील एक विद्यार्थी आमच्या ग्रंथालयांत आला व त्यानें ह्या वार्षिकाचा १९३८ सालचा अंक मागितला. त्याचे पणजोबा त्या वेळीं ह्याच शाळेंत शिकत होते व त्यांचा एक निबंध त्या अंकांत छापला गेला होता, असें त्यानें घरीं ऐकलें होतें. ग्रंथपालांनीं मागचें कपाट उघडलें. अंकाचा पुठ्ठा निखळला होता, कसरीनें पानांच्या कडा कुरतडल्या होत्या. परंतु निबंध होता तसा होता. मुलानें तो उभ्याउभ्याच वाचून काढला, आणि पणजोबांचें शुद्धलेखन आपल्यापेक्षां चांगलें होतें असा अभिप्राय दिला. मग त्यानें दुसरी मागणी केली. २०२०-२१ च्या अंकांत त्याच्या ताईची कविता आली होती. ती पाहावयास मिळेल काय?

येथें मात्र आम्हांस मान खालीं घालावी लागली. टाळेबंदीच्या त्या वर्षीं शाळा बंद, छापखाने अर्धवट चालू. म्हणून तो अंक कागदावर न काढतां शाळेच्या संकेतस्थळावरच प्रसिद्ध केला होता. खर्च वांचला म्हणून आम्हीं त्या वेळीं समाधानच मानलें. पुढें एका वर्षीं संकेतस्थळाच्या जागेचें भाडें आमच्याच हातून वेळेवर भरलें गेलें नाहीं. नवें संकेतस्थळ उभें राहिलें, परंतु जुन्यावरील मजकूर कांहीं परत मिळाला नाहीं. आणि ज्या संगणकावर अंकाची जुळणी झाली होती तोही मोडींत गेलेला. त्या अंकांत त्याच वर्षीं आम्हांस सोडून गेलेल्या एका शिक्षकांविषयीं मुलांनीं लिहिलेल्या आठवणी होत्या, हें लिहितांना हात जड होतो.

शेवटीं एका माजी विद्यार्थ्याच्या सूचनेवरून आम्हीं अमेरिकेंतील ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ह्या संस्थेच्या दप्तरांत आमच्या जुन्या संकेतस्थळाचा पत्ता घालून पाहिला. आश्चर्य असें कीं, आम्हीं न सांगतां व आम्हांस न विचारतां त्या संस्थेच्या यंत्रानें २०२१ मध्यें दोनदां आमच्या दारावरून फेरी मारली होती! मुखपृष्ठ, अनुक्रमणिका व आंतील अकरा पानें सांपडलीं. अनुक्रमणिकेंत ताईचें नांव आहे. कवितेचें पान नाहीं. ‘आम्हांस न विचारतां’ हे शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावे, कारण ज्या वादाविषयीं आम्ही येथें लिहीत आहों तो सगळा त्या शब्दांतूनच निघाला आहे.

जुन्या कागदांची कथा मराठी वाचकांस नवी नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरचे व पडव्यांतले रुमाल सोडवीत हिंडले, आणि १८९८ पासून त्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ खंडामागून खंड बाहेर काढलीं. कित्येक घराण्यांचे कागद त्यापूर्वींच पुड्या बांधण्यांत व बंबांत गेले होते, ही हळहळ खरी; पण एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. जे कागद वांचले ते बहुधा कोणीं जपले म्हणून वांचले नाहींत. कोणीं त्यांच्याकडे पाहिलें नाहीं म्हणून वांचले. कोरड्या माळ्यावर दोनशें वर्षें पडून राहणें हें कागदाला साधतें. संगणकावरील मजकुराला तें साधत नाहीं. त्याचें भाडें दर वर्षीं भरावें लागतें, त्याचीं यंत्रें दर कांहीं वर्षांनीं बदलावीं लागतात, आणि ज्या दिवशीं त्याच्याकडे दुर्लक्ष झालें त्या दिवशीं तो मरतो. मागें राखही राहत नाहीं.

ही आमची एकट्याची रडकथा असती तर ती येथें सांगितली नसती. अमेरिकेंतील प्यू संशोधन संस्थेनें २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें २०१३ सालीं अस्तित्वांत असलेल्या संकेतस्थळांच्या पानांपैकीं शेंकडा ३८ पानें दहा वर्षांनीं उघडत नव्हतीं. मायस्पेस ह्या एके काळीं लोकप्रिय असलेल्या कंपनीनें २०१९ मध्यें कबूल केलें कीं, मजकूर एका जागेवरून दुसरीकडे हलवितांना २०१६ पूर्वींचें सारें संगीत तिच्या हातून नाहींसें झालें. आणि न्यायाची जागा तरी सुरक्षित असावी. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत आधार म्हणून दिलेल्या दुव्यांपैकीं सुमारें निम्मे दुवे मूळ मजकुराकडे नेत नाहींत, असें हार्वर्डच्या कायदेपंडितांनीं दाखवून दिलें आहे. निकाल आहे; ज्याच्या आधारें तो दिला तो कागद नाहीं.

अशा स्थितींत इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था काय करिते हें थोडें सांगितलें पाहिजे. ब्रूस्टर केल ह्या संगणकशास्त्रज्ञानें ती १९९६ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें स्थापिली. तिचीं यंत्रें रात्रंदिवस जगांतील संकेतस्थळांवरून फिरतात व दिसेल त्या पानाची नक्कल तारीखवार ठेवून देतात. ‘वेबॅक मशीन’ ह्या नांवानें हें दप्तर २००१ पासून सर्वांस विनामूल्य खुलें आहे, आणि ऑक्टोबर २०२५ मध्यें त्यांतील पानांची संख्या एक लाख कोटींवर गेली. संस्थेचें ठाणें एका जुन्या प्रार्थनामंदिरांत आहे. भिंतीच्या कोनाड्यांत संगणक गुणगुणत असतात आणि बाकांशेजारीं संस्थेच्या जुन्या सेवकांचे मातीचे छोटे पुतळे उभे केलेले आहेत. विक्षिप्तपणा म्हणावा तर म्हणावा. पण कारकुनांचे पुतळे उभारणारी दुसरी संस्था आमच्या ऐकिवांत नाहीं.

ह्या दप्तराचा उपयोग केवळ हरवलेल्या कवितांपुरता नाहीं. १७ जुलै २०१४ रोजीं युक्रेनच्या पूर्व भागांत मलेशियाचें एक प्रवासी विमान पाडलें गेलें व २९८ माणसें मरण पावलीं. त्याच दिवशीं रशियाच्या बाजूनें लढणाऱ्या एका सेनानीच्या नांवानें चालणाऱ्या पानावर आपण एक लष्करी विमान पाडल्याची बढाई झळकली होती. विमान प्रवाशांचें होतें हें उघड होतांच ती बढाई पुसली गेली. परंतु तोंवर तिची नक्कल सॅन फ्रान्सिस्कोच्या दप्तरांत जाऊन बसली होती. २०२५ च्या आरंभीं अमेरिकेंत सरकार पालटल्यावर सरकारी संकेतस्थळांवरील हजारों पानें काढून टाकण्यांत आलीं. तीं काय होतीं हें आज ज्यांस पाहावयाचें असेल त्यांस तेथेंच जावें लागतें. छापील राजपत्र मागें घेतलें तरी एखाद्या गांवच्या ग्रंथालयांत त्याची प्रत उरतेच. संगणकावरचें पान मालकाच्या एका बोटानें जगभर एकाच क्षणीं नाहींसें होतें.

आतां कायद्याकडे वळूं. आमच्या ग्रंथालयांत एक पुस्तक आहे. त्याच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर तारखांचे साठांवर शिक्के आहेत, म्हणजे साठांहून अधिक मुलांनीं तें घरीं नेलें. प्रकाशकास त्याबद्दल एकदांच किंमत मिळाली, आणि तो तक्रार करीत नाहीं. कारण विकलेल्या प्रतीवर त्याचा ताबा राहत नाहीं हें बहुतेक देशांत मान्य आहे. संगणकीय पुस्तकाची गोष्ट निराळी. तें बहुधा ग्रंथालयास विकलेंच जात नाहीं. वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. हार्पर कॉलिन्स ह्या मोठ्या प्रकाशनसंस्थेनें २०११ मध्यें असा नियम केला कीं, अमेरिकेंतील सार्वजनिक ग्रंथालयानें घेतलेलें संगणकीय पुस्तक २६ वेळां वाचकांस दिलें कीं परवाना संपला. पुन्हा पैसे भरा. हा हिशेब आमच्या त्या पुस्तकास लाविला असता तर सत्ताविसाव्या मुलाला तें मिळालेंच नसतें.

इंटरनेट आर्काइव्हनें ह्यावर एक तोड काढली होती. संस्थेनें मिळविलेलें छापील पुस्तक कोठारांत ठेवावयाचें, त्याच्या पानांचीं छायाचित्रें काढावयाचीं, आणि जितक्या प्रती कोठारांत तितक्याच वाचकांस एका वेळीं तीं ठराविक मुदतीपुरतीं दाखवावयाचीं. मार्च २०२० मध्यें जगभर ग्रंथालयांना कुलुपें लागल्यावर संस्थेनें ‘राष्ट्रीय आपत्कालीन ग्रंथालय’ म्हणून घोषणा केली व एका प्रतीमागें एक वाचक हें बंधनच उठविलें. १ जून रोजीं हॅशेट, हार्पर कॉलिन्स, जॉन वायली व पेंग्विन रँडम हाउस ह्या चार प्रकाशकांनीं न्यूयॉर्कच्या न्यायालयांत दावा लाविला. दोन आठवड्यांनीं संस्थेनें तें आपत्कालीन ग्रंथालय बंद केलें. पण खटला चालूच राहिला. २४ मार्च २०२३ रोजीं न्यायाधीश जॉन कोल्टल ह्यांनीं प्रकाशकांच्या बाजूनें निकाल दिला, व ४ सप्टेंबर २०२४ रोजीं वरिष्ठ न्यायालयानें तो कायम केला. संस्था सर्वोच्च न्यायालयांत गेली नाहीं. पांच लाखांहून अधिक पुस्तकें वाचकांसमोरून काढून घ्यावीं लागलीं.

आमचें मत स्पष्ट सांगावयाचें तर, मार्च २०२० मधील तें बंधन उठविणें हा उतावळेपणा होता. हेतु चांगला होता, परंतु शेजाऱ्याच्या घरीं पाहुणे उपाशी आहेत म्हणून तिसऱ्याच्या कोठींतले दाणे वांटावयाचे, असा तो प्रकार झाला. मराठी लेखकाच्या हातीं पुस्तकामागें काय पडतें हें ज्यांस ठाऊक आहे ते लेखकाच्या हक्काची थट्टा करणार नाहींत. आमच्याच विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनींवर कालपरवां प्रसिद्ध झालेल्या मराठी कादंबऱ्यांच्या चोरट्या नकला फिरतात, आणि ‘फुकट मिळालें’ असें मुलें अभिमानानें सांगतात. त्याला आम्ही चोरीच म्हणतों.

पण न्यायालयानें केवळ त्या तीन महिन्यांचा दोष दाखवून सोडलें नाहीं. एका प्रतीमागें एकच वाचक ही जुनी, सावध रीतिदेखील बेकायदेशीर ठरली. वरिष्ठ न्यायालयानें एवढें तरी मान्य केलें कीं, संस्थेनें हें नफ्यासाठीं केलें नाहीं. आणि मनाईचा हुकूम ज्या पुस्तकांची संगणकीय आवृत्ति बाजारांत आहे त्यांच्यापुरता ठेवण्यांत आला. तरी पेंच सुटत नाहीं. छापील प्रत ग्रंथालयाच्या मालकीची असतां तिच्या बळावर दूरच्या वाचकास ती दाखवितां येत नाहीं, आणि संगणकीय प्रत तर मालकीची होतच नाहीं. मग शंभर वर्षांनीं एखाद्या मुलास पणजोबांच्या काळचें पुस्तक काढून दाखविणारें कपाट कोणाचें असेल?

दुसरा खटला ध्वनिमुद्रिकांचा. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या त्या काळ्या तबकड्या आमच्यांतील वडीलधाऱ्यांनीं पाहिल्या असतील. त्या लाखेच्या असत, आणि ती लाख बहुतांशीं आपल्याच देशांतून, छोटा नागपुराकडील रानांत पळस, बोर व कुसुंबाच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळून जगभर जाई. एका बाजूवर तीनेक मिनिटांचें गाणें मावे. बालगंधर्वांचीं नाट्यपदें महाराष्ट्रांतल्या घराघरांत पोहोंचलीं तीं ह्याच तबकड्यांवरून. तास तास रंगणारें पद तेवढ्या वेळांत बसवितांना गवयांची काय तारांबळ उडत असेल ती असो! हातांतून निसटली कीं तबकडी फुटते. मुंबईंतील जुन्या मुद्रिकांच्या संग्राहकांनीं बाजारांतल्या ढिगांतून त्या एकेक करून वेंचल्या आहेत, त्या पदरमोड करून.

इंटरनेट आर्काइव्हनें अशाच तबकड्यांचें मुद्रण करून, खरखरीसकट, चार लाखांहून अधिक गाणीं लोकांस ऐकावयास ठेविलीं. ऑगस्ट २०२३ मध्यें युनिव्हर्सल, सोनी इत्यादि संगीत-कंपन्यांनीं दावा केला. फ्रँक सिनात्रा, एला फिट्झजेराल्ड, बिली हॉलिडे अशा गायकांच्या २,७४९ मुद्रणांची यादी त्यांनीं दिली, आणि दर मुद्रणामागें दीड लाख डॉलरपर्यंत, म्हणजे एकूण ४१ कोटी डॉलरांवर भरपाई मागण्याची वाट मोकळी ठेविली. पुढें यादी वाढली व आंकडाही वाढला. सप्टेंबर २०२५ मध्यें उभय पक्षांची तडजोड झाली. तिच्या अटी गुप्त आहेत.

ह्या खटल्यांत आमची सहानुभूति सर्वस्वीं दप्तरदाराकडे आहे. सिनात्राचीं गाणीं कंपन्या जपतीलच, कारण तीं खपतात. पण चार लाखांतील बहुतेक गायकांचीं नांवें आज त्यांच्या कंपन्यांसही ठाऊक नसतील. न खपणारा माल कंपनी जपत नाहीं, हा तिचा दोष नव्हे, तो तिचा धंदाच नव्हे. मग जो जपतो त्याला दिवाळें काढण्याची भीति तरी दाखवूं नये. शिवाय कायद्याचें मोजमाप पाहा. आपल्या देशांत ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षें चालतो. म्हणजे १९३० सालीं मुंबईस निघालेल्या तबकडीचें मुद्रण केव्हांच मोकळें झालें. पद रचणाऱ्याचा हक्क वेगळा मोजावा लागतो, तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें. अमेरिकेंत २०१८ च्या कायद्याप्रमाणें १९२३ ते १९४६ ह्या काळांतील मुद्रणांस शंभर वर्षें संरक्षण आहे. म्हणून १९३० सालीं न्यूयॉर्कांत निघालेली तबकडी १ जानेवारी २०३१ रोजीं मोकळी होईल. गाणारा, वाजविणारा, ऐकणारा, सगळे गेले. हक्क मात्र जिवंत.

आपल्याकडे सर्व सुरळीत आहे असें कोणीं समजूं नये. ऑगस्ट २०१७ मध्यें दोन हिंदी चित्रपटांच्या निर्मात्यांच्या मागणीवरून मद्रास उच्च न्यायालयानें चोरट्या नकला रोखण्यासाठीं अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळें बंद ठेवण्याचे हुकूम दिले, आणि त्या याद्यांत इंटरनेट आर्काइव्हही सांपडलें. चोरांच्या यादींत पहारेकऱ्याचें नांव! अडथळा थोडक्यांत निवारला हें खरें. पण यादी करणारानें ती वाचली होती कीं नाहीं, हा प्रश्न राहतोच. आपल्याच सरकारच्या आश्रयानें चाललेल्या ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ ह्या योजनेंत लाखों जुन्या पुस्तकांचीं छायाचित्रें काढण्यांत आलीं; त्यांत मराठी ग्रंथ पुष्कळ होते. तें मूळ संकेतस्थळ पुढें बंद पडलें. त्यांतील चार लाखांवर पुस्तकें आज सर्वांस दिसतात तीं कांहीं खटपट्या मंडळींनीं त्यांच्या नकला वेळींच सॅन फ्रान्सिस्कोच्या दप्तरांत नेऊन ठेविल्या म्हणून. आमच्या दहावीच्या मुलांनीं एकोणिसाव्या शतकांतील मराठी क्रमिक पुस्तकें पाहिलीं तीं ह्याच वाटेनें.

१९५४ च्या कायद्यान्वयें भारतांतील प्रत्येक प्रकाशकास आपल्या पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय व इतर नेमलेल्या ग्रंथालयांकडे पाठवाव्या लागतात. त्या ग्रंथालयांत मुंबईचें मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. १९५६ मध्यें त्यांत वर्तमानपत्रांची भर पडली. केवळ संगणकावर प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराचा मात्र त्यांत विचार नाहीं. ब्रिटननें २०१३ मध्यें नियम करून आपल्या मोठ्या ग्रंथालयांस देशांतील संकेतस्थळांच्या नकला ठेवण्याचा अधिकार दिला. तेथें ‘आम्हांस न विचारतां’ ह्या तक्रारीस कायद्यानेंच उत्तर दिलें आहे: विचारावयाचें नाहीं, जपावयाचें, दाखवितांना मात्र मर्यादा पाळावयाच्या. आपल्याकडे असें व्हावें, आणि मराठी संकेतस्थळांचें दप्तर महाराष्ट्रांतच कोठें तरी असावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

कारण सारा भार एकाच परक्या संस्थेवर टाकणें शहाणपणाचें नाहीं. ऑक्टोबर २०२४ मध्यें हल्लेखोरांनीं तिच्या संगणकांत शिरून ३ कोटींहून अधिक सभासदांची माहिती पळविली, आणि कांहीं दिवस दप्तर बंद पडलें. अलीकडे तर कृत्रिम बुद्धिमत्तेचीं यंत्रें मजकूर ओरपतात ह्या धास्तीनें कित्येक संकेतस्थळें ह्या दप्तरदारासही दार लावून घेऊं लागलीं आहेत. चोराच्या भयानें टपालवाल्यास मज्जाव करावा तसेंच हें.

उलट प्रत्येक गोष्ट कायमची जपली पाहिजे असाही आमचा हट्ट नाहीं. मुलांचे गुण, त्यांचीं छायाचित्रें, त्यांनीं रागाच्या भरांत लिहिलेले शब्द हें सर्व पन्नास वर्षें कोणाच्या दप्तरांत पडून राहावें असें कोणत्याही शिक्षकास वाटणार नाहीं. कोणीं योग्य कारण दाखवून आपलें पान काढण्यास सांगितलें तर तें काढावें. पण तो एका माणसाचा एका पानापुरता अर्ज असतो; कोट्यवधि डॉलरांचा दावा ही निराळी वस्तु आहे.

यंदाचा अंक आम्हीं पुन्हा कागदावर छापला आहे. त्याच्या दोन प्रती शाळेच्या कपाटांत राहतील, आणि संगणकावरील नक्कल आम्हीं स्वतः होऊन त्या दूरच्या दप्तरांत पोहोंचती केली आहे. ह्या खेपेस तरी त्यांस न विचारतां घ्यावी लागूं नये. २०२०-२१ च्या अंकाचीं पृष्ठें १२ ते ४८ आमच्यापाशीं नाहींत. ज्या कोणा माजी विद्यार्थ्याच्या अगर पालकाच्या जुन्या संगणकांत, भ्रमणध्वनींत किंवा छापून ठेवलेल्या कागदांत त्यांतील एखादें पान असेल, त्यांनीं कृपा करून तें शाळेच्या ग्रंथपालांकडे पाठवावें. कविता पृष्ठ ३१ वर होती.